छाट

अशोक चौकात, झेरॉक्सच्या दुकानावर,
मी लोकांचे हिशेब लिहितो.
बावीस यंत्रमागवाले, तीन शेंगाचटणीवाल्या
आणि मयताच्या सामानाचा एक दुकानदार.
त्याचा धंदा ॲपवर आणा
असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

मार्चमध्ये पुण्याहून एक मुलगा आला.
गळ्यात पट्टा, पट्ट्याला ओळखपत्र,
ओळखपत्रावर नाव बारीक, हुद्दा मोठा.
मंगल कार्यालय भाड्यानं घेतलेलं,
पडद्यावर वर वर जाणारी रेघ
आणि पडद्यामागे कालच्या लग्नातली
थर्माकोलची अर्धी अक्षरं.

"मधला माणूस संपला," तो म्हणाला.
आम्ही टाळ्या वाजवल्या.
इतक्या स्वच्छ शर्टातला मधला माणूस
आम्ही आधी पाहिला नव्हता.

श्रीनिवास कोडमनं आठ मागांचा टॉवेल
'थेटहाट'वर चढवला.
तीन महिने कमिशन शून्य. वर फोटो काढायला
माणूस फुकट, आणि पेढे.
हापशाला आधी तांब्याभर पाणी ओतावं लागतं
हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक.
पण हापसा कुणाच्या दारात बसवलाय
ते करारात सतराव्या पानावर होतं
आणि सतरावं पान
मीसुद्धा वाचलं नव्हतं.

मग सवलतीचा आठवडा आला. मग महोत्सव.
मग सवलत हीच किंमत झाली.
एकशे एकतीसला पडणारा टॉवेल
एकशे एकोणीसला गेला, आणि पडद्यावरची रेघ
आणखी थोडी वर गेली.
सूत मात्र रोखीनंच यायचं,
त्याचा महोत्सव नसतो.

दिवाळीनंतर टॉवेल परत येऊ लागले.
कुठूनसा एक आला गुवाहाटीहून,
अजून ओलसर,
कुणाच्या तरी केसांचा काळा रंग टिपून.
जाण्याचं भाडं कोडमचं, येण्याचं कोडमचं,
दर्जा घसरल्याचा दंड वेगळा.
मी वहीत नवा रकाना आखला.
त्याला काय नाव द्यावं सुचेना.

कोडमची आई उंबऱ्यावर सूप घेऊन बसलेली.
पोशव्वा. चाळीस वर्षं विड्या वळल्या,
आता डोळ्यांनी नाही, बोटांनीच वळते.
"काय लिवतो रे इतकं?"
मी समजावलं. परतावा, मानांकन,
ग्राहकाचा विश्वास, असं बरंच.
तिनं दोरा दातानं तोडला.
"छाट की रे ही."

हजार विड्या नेल्या की चेकर
मूठभर बाजूला काढायचा. ही वाकडी, ही सैल.
मजुरी कापायची, विडी ठेवून घ्यायची.
"टाकून देत नव्हते काय. आमची छाट बी
कुणीतरी ओढायचाच."
पत्ता कमी पडला तर पदरचा घालायचा,
त्याला त्या काळी महोत्सव म्हणत नव्हते.
"चेकरला तोंड तरी होतं," म्हणाली,
"शिव्या घालायला बरं पडायचं."

बी.कॉम.ला आम्हाला शिकवलं होतं,
माणूस स्वतःचा फायदा बघून वागतो.
पाच मार्कांना हमखास यायचं.
कुठला माणूस, ते विचारलं नाही.

काळा डाग पडलेला टॉवेल तिनं उचलला,
पिळला, उंबरा पुसून घेतला.
मग तिरकं बघत म्हणाली,
"आनि तुला काय मिळतं त्येंच्याकडनं?"

खरं सांगायचं तर मिळतं.
नवा विक्रेता जोडून दिला की दोनशे.
या आठवड्यात दोन जोडले,
त्यातली एक शेंगाचटणीवाली.

म्हातारीनं बोटांवर तेलुगूत काहीतरी मोजलं.
"म्हंजे हजार विड्या," म्हणाली.
"आनि तुला छाट न्हाई?"

तेवढ्यात नळ आला. सहाव्या दिवशी.
गल्लीभर कळशा, बादल्या, पायांचा आवाज,
त्यात माझं "अजून नाही"
मलाच नीट ऐकू आलं नाही.